तिचं मूल तिच्याच हातात राहू द्या

वाचक विचारतात

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी घरातल्या मारहाणीबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि त्या चार ओळींवर पत्रांचा ढीग आला. म्हणून यावेळची पानं त्या पत्रांनाच. वयं, मुलांची संख्या, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांनी परतीचा पत्ता दिला त्यांनाही मी घरी पाकीट पाठवलेलं नाही. ते आधी कोणाच्या हातात पडेल हे मला इथे बसून कळणार नाही.

*

प्रश्न : माझी धाकटी बहीण तीन आठवड्यांपूर्वी साडेचार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी घेऊन रात्री आमच्या दारात उभी राहिली. नवरा मारतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता ती दिवसभर गप्प असते. मुलाच्या हातून ग्लास पडला तरी त्याच्या अंगावर धावून जाते. बाळ रडत असलं तर नुसती बघत राहते. म्हणून मुलांचं सगळं मीच ओढून घेतलंय. अंघोळ, भरवणं, झोपवणं, सगळं. तिला म्हणते, तू फक्त आराम कर. परवा रात्री मुलगा दचकून उठला आणि तिला ओलांडून माझ्या खोलीत आला. तर ही न्हाणीघराचं दार लावून रडत बसली. त्यात भर म्हणजे ती अजून त्याचे फोन घेते! तो रडला की विरघळते. एवढं करूनही माझं काय चुकतंय? आणि मनात येऊ नये ते येतं : हिला मुलांची माया उरली नाही का?
— मोठी बहीण

उत्तर : तुमच्या पत्रातला एक शब्द मी तीनदा वाचला. 'ओलांडून.' पोरगं तिला ओलांडून तुमच्याकडे आलं. तुमच्या बहिणीने त्या रात्री जे पाहिलं ते एवढंच, आणि तिच्या रडण्याचं उत्तरही तेवढ्यातच आहे.

मारहाण म्हटली की आपल्याला वळ दिसतात. पण बाईच्या अंगाइतकाच तिच्या आईपणावरही घाव घातला जातो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. 'तुला साधं पोर सांभाळता येत नाही.' 'बघ रे, तुझी आई येडी आहे.' तिने मुलाला नको म्हटलं की नवरा मुद्दाम हो म्हणतो. तिने बाळाला उचललं की तो काढून घेतो. ती कुठे गेली, कोणाशी बोलली हे मुलांकडून काढून घेतो, म्हणजे तिच्याच मुलांना तिच्यावर पहारेकरी नेमतो. इव्हान स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २००७ साली हे फार नेमकं मांडलं. त्याचं म्हणणं असं की मारणं हा या जाळ्याचा एक धागा. पैसा, वेळ, कपडे, फोन, झोप, मुलं या सगळ्यावर रोजचा ताबा हे खरं जाळं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी हेच सांगितलंय, फक्त त्यांना ते जाळं आहे हे ठाऊक नव्हतं. 'ताई, मार परवडला, पण पोरांसमोर बोलायचा ते नाही,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणारीचा चेहरा वेगळा आठवत नाही.

आता अशी बाई तुमच्याकडे येते. तुम्ही मायेपोटी तिच्या हातातून मूल घेता. तुमचा हेतू आणि त्याचा हेतू यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं. पण तिच्यापर्यंत निरोप तोच पोहोचतो : तुला जमत नाही, दे इकडे.

एक प्रसंग सांगते. एक आई तिच्या पाच वर्षांच्या मुलाला आणि स्वतःच्या आईला घेऊन आली होती. निघताना ती मुलाच्या शर्टाची बटणं लावत होती. हात थरथरत होते, एक बटण चुकलं, शर्ट एका बाजूने वर गेला. आजीने 'अगं सोड' म्हणत तिचा हात बाजूला केला, सगळी बटणं काढली आणि पुन्हा पटापट लावली. दहा सेकंदांचं काम. पण त्या आईने आपले दोन्ही हात मांडीवर असे ठेवले, जसे दुसऱ्याचे आहेत. पुढच्या वेळी मी आजींना बाहेरच थांबवून सांगितलं की, तुम्ही पिशवी धरा, चपला काढून ठेवा, दार उघडून धरा. बटण मात्र तिला लावू द्या, चुकलं तरी. आजी माझ्यावर जरा रागावल्याच. पण त्यांनी ऐकलं.

तेव्हा कामं उलटी वाटून घ्या. मुलांची कामं तिच्याकडे आणि त्याभोवतीची सगळी तुमच्याकडे. कपडे तुम्ही धुवा, भांडी तुम्ही घासा, डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स तुम्ही काढा, तिला दोन तास सलग झोप मिळेल असं घर तुम्ही शांत ठेवा. बाळाला अंघोळ ती घालेल, तुम्ही टॉवेल घेऊन शेजारी बसा. मुलगा रात्री तुमच्याकडे आला तर त्याला कडेवर घेऊन तिच्याच अंथरुणात न्या आणि हवं तर तिघांजवळ थोडा वेळ बसा. 'चल, आईकडे जाऊ, आईला जाग आहे,' एवढंच म्हणा. तिला अगदीच झेपत नसेल अशा दिवशी तुम्ही घ्याच मुलांना, पण आधी विचारून : 'आज मी झोपवू का, की तू झोपवतेस?' गेली काही वर्षं तिला कोणी काही विचारलेलंच नाही.

आता ग्लासचं. ग्लास पडल्याचा आवाज तुम्हाला ग्लास पडल्याचाच येतो. तिच्या शरीराला तो पुढच्या अर्ध्या तासाची वर्दी वाटतो. त्या घरात काही पडलं, सांडलं, मूल मोठ्याने हसलं की नवऱ्याचं डोकं फिरायचं. म्हणून त्याच्या आधी तीच मुलावर ओरडायची, त्याला गप्प बसवायची, कधी एखादी चापट द्यायची. त्याने लाथ घालण्यापेक्षा आपली चापट बरी, हा तिचा हिशोब होता. बाहेरून बघणाऱ्याला ती कठोर आई दिसते. आतून ती पहारा देत असते. घर बदललं म्हणून शरीराचा पहारा तीन आठवड्यांत उठत नाही. ग्लास पडला की तुम्ही हळू आवाजात म्हणा, 'पडला, काही नाही, मी पुसते.' रोज म्हणा. शरीर कानाने शिकतं, उपदेशाने नाही. (आणि तोवर पडून न फुटणारे ग्लास वापरा. कधीकधी उपाय इतका साधा असतो.)

बाळाकडे ती नुसती बघत राहते, हे मात्र मी हलक्यात घेणार नाही. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रोनिक या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून, मग हात करून, ओरडून तिला बोलावतं आणि शेवटी मान फिरवून घेतं. हे वाचून कुठलीही आई हादरते. पण त्याच माणसाच्या पुढच्या कामातली गोष्ट कमी लोक सांगतात : चांगल्या, निवांत घरांतही आई आणि बाळ यांचा सूर सुमारे तीस टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळ वाढतं ते या पुन्हा जुळवून घेण्यावर. म्हणून बहिणीला 'दिवसभर हसत राहा' सांगू नका. दिवसातून दोनदा, ती जरा ताजी असताना, दहा मिनिटं बाळ तिच्या मांडीवर आणि तुम्ही जवळपास. बाळ तिच्याकडे बघून काही आवाज काढेल. तेव्हा एवढंच म्हणा, 'बघ, तुझ्याचकडे बघतेय.' हे खरंच असतं, तिला दिसत नसतं.

पण ती खात नसेल, झोपत नसेल, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला वेळ लावू नका. मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे. उलट बाई मोकळी होते.

फोनबद्दल तुम्ही चिडलात ते वाचून मला माझीच जुनी चूक आठवली. मी या कामात नवी होते. एक बाई माझ्याकडे आली, तिची हकीगत ऐकून माझंच रक्त उसळलं. मीच तिच्यासाठी निवाऱ्याची जागा पाहिली, मीच फोन केले, 'आता त्याचा फोन उचलायचा नाही' असं बजावलं. अकराव्या दिवशी ती परत गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याकडे फिरकली नाही, कारण मला तोंड कसं दाखवायचं ही तिला लाज. वर्षाने आली तेव्हा म्हणाली, 'तिकडे तो सांगायचा, इकडे तुम्ही सांगत होतात.' मी ते वाक्य कुठे लिहून ठेवलेलं नाही, गरज पडली नाही.

ती फोन का घेते? विरघळते हे एक कारण असेल. मारानंतर रडणं, माफी, भेटवस्तू आणि मग पुन्हा ताण चढत जाणं, या फेऱ्याबद्दल लेनोर वॉकर यांनी १९७९मध्येच लिहिलं. सगळ्या घरांत तो तसाच्या तसा फिरत नाही, पण अनेक बायकांना आपली गोष्ट त्यात सापडते. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. फोन हा तिचा अंदाज घेण्याचा मार्ग असतो. तो आज कुठे आहे, प्यायलाय का, आवाज कसा आहे, इकडे येईल का. वर्षानुवर्षं त्याच्या पावलांच्या आवाजावरून ती पुढची रात्र ओळखत आलीय. आता पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून फोन. आणि तिची भीती खोटी नाही. बाई घर सोडून जाते तो काळ आणि त्यानंतरचे काही महिने अनेकदा सगळ्यात धोक्याचे असतात, कारण ताबा सुटल्याचं त्याला तेव्हाच कळतं.

तेव्हा 'उचलू नकोस' ऐवजी 'काय म्हणाला?' असं विचारा, आणि ऐकताना चेहरा सरळ ठेवा. मग एखाद्या निवांत वेळी, मुलं झोपल्यावर, काही गोष्टी काढून घ्या. मारणं हल्ली वाढलं होतं का? हत्यार दाखवलं का? जिवे मारीन, मुलांना मारीन, मीच मरेन असं बोलला का? गरोदरपणात मारलं का? पाळत ठेवतो का? जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८०च्या दशकात अशा प्रश्नांची यादी तयार केली आणि ती पुढे जगभर वापरात आली. बाईला आपला धोका स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा, हा तिचा उपयोग. आणि एक प्रश्न वेगळा विचारा : कधी गळा दाबला होता का? नुसतं 'मारतो का' विचारलं तर बायका गळा दाबण्याचं सांगत नाहीत, 'ते काय, क्षणभरच' म्हणतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या बाईच्या बाबतीत पुढे खून होण्याचा धोका सुमारे सात पट होता. गळ्यावर खूण उमटलेली नसली तरी आत इजा असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, धाप, चक्कर, मान दुखणं, यातलं काही असलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि डॉक्टरांना 'पडली' सांगू नका, गळा दाबला होता असंच सांगा.

यातल्या एक-दोन प्रश्नांनाही हो आलं, तर महिलांच्या हेल्पलाइनवरच्या माणसांशी तुम्ही दोघींनी मिळून बोला. तुमच्या घराचा पत्ता त्याला ठाऊक आहे का, मुलाला आणायला कोण जातं, फोनमधलं लोकेशन चालू आहे का, एवढं तरी आजच बघा. मुलाचा टॅब बापाच्या खात्यावर असेल तर तोही.

माया उरली नाही का, असं तुम्ही विचारलंत. रात्री दोन मुलांना घेऊन ती तुमच्या दारात आली. एक कडेवर, एक बोटाला. बाकी सगळं मागे टाकून.

*

प्रश्न : मावशी, मी नवऱ्यापासून वेगळी होऊन दीड वर्ष झालं. मुलगा सहाचा. डोळे, भुवया, चिडल्यावर जबडा आवळणं, सगळं त्याच्या बापाचं. गेल्या आठवड्यात अभ्यासावरून वाद झाला. त्याने हात उगारला आणि त्याच सुरात म्हणाला, 'तुला काही अक्कल आहे का?' मला पुढचं कळलंच नाही. मी त्याला जोरात थोबाडीत मारली. मग त्याचा चेहरा दिसला. मी लहान असताना आमच्याकडे बाबाही मारायचे, तेव्हा माझा चेहरा तसाच होत असणार. मी पण त्यांच्यातलीच झाले का?
— एक आई

उत्तर : तू मावशी म्हटलंस म्हणून मीही अगं-तुगंच करते.

आधी सरळ सांगते. ती थप्पड चूक होती. हे मी सांगायला हवं असं नाही, तुला ठाऊक आहे, पण कोणी 'होतं गं असं' म्हणून तुझी समजूत काढली तर तुला बरं वाटणार नाही. तुझा नवरा मारल्यावर काय म्हणायचा? 'तूच मला भाग पाडलंस.' तुझ्या पत्रात 'त्याने मला भाग पाडलं' असं कुठेही नाही. मी शोधलं.

सेल्मा फ्रायबर्ग नावाची एक बालमनोविश्लेषक होती. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली पाळण्याभोवती घुटमळणाऱ्या भुतांबद्दल लिहिलं, म्हणजे आईबापांच्या स्वतःच्या बालपणातली माणसं, जी बोलावल्याशिवाय बाळाच्या खोलीत येऊन बसतात. तिला एक प्रश्न पडला होता : लहानपणी मार खाल्लेले काही लोक पुढे तेच करतात आणि काही करत नाहीत, असं का? तिला दिसलं ते असं की ज्यांना नुसता प्रसंग आठवतो, पण तेव्हाचं दुखणं आठवत नाही, त्यांच्याकडून ते पुन्हा घडतं. ज्यांना दुखणं आठवतं, ते मुलाच्या बाजूला उभे राहतात. मुलाचा चेहरा बघताच तुला स्वतःचा चेहरा आठवला. तुझं भूत तू ओळखलंस.

पण नुसतं ओळखून भागत नाही. माफी मागून पुन्हा मारणं तुझ्या नवऱ्यालाही येत होतं. तेव्हा माफीबरोबर काहीतरी बदललेलं मुलाला दिसायला हवं. त्याच्याजवळ जमिनीवर बस, त्याच्या उंचीला. 'मी तुला मारलं. ते चूक होतं. तुझ्यामुळे नाही, मला राग आवरला नाही म्हणून. आता राग आला की मी दोन पावलं मागे जाणार आणि पाणी पिणार. मी घर सोडून जाणार नाही, इथेच असेन.' एवढंच. रडू येत असेल तर आधी रडून घे. तुझी समजूत काढायची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नकोस. तिकडे त्याने ते काम भरपूर केलं असणार. आणि पुढच्या वेळी खरंच दोन पावलं मागे जा. पाठ भिंतीला टेकव, तळपाय जमिनीवर दाब. ऐकायला खुळं वाटतं, पण भडका उडताना डोकं चालत नाही, पाय चालतात.

दुसरं, त्याचं वाक्य. सहा वर्षांच्या मुलाने घरात दोनच जागा पाहिल्या : मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याची. भीती वाटली की तो त्यातली जोरदार जागा पकडतो. त्याला सांग, 'या घरात असं बोलायचं नाही. मीही नाही, तूही नाही. राग आला तर राग आला म्हण.' 'अगदी बापासारखा आहेस' हे मात्र चुकूनही म्हणू नकोस. मूल ते शाप म्हणून ऐकत नाही, ओळख म्हणून ऐकतं.

आणि जबड्याचं. एक काम देते. एका कागदावर या मुलाच्या अशा गोष्टी लिही ज्या त्या माणसात नव्हत्या. ढोबळ नकोत. तो पेन्सिल कशी धरतो, झोपेत काय करतो, कुठल्या शब्दाला अडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने पहिल्या दिवशी 'काही सुचत नाही' म्हणून कोरा कागद परत दिला. तिसऱ्या आठवड्यात कागदावर होतं : 'जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या नेहमी उडी मारून उतरतो आणि मागे वळून बघतो, मी पाहिलं का.' तुझा मुलगा उभा राहिला की तुझ्या कमरेला लागतो. हात उगारला तेव्हा तुझ्या डोळ्यांना तो पुरुष दिसला. आता बसून त्याला नीट बघ.

थपडा थांबत नाहीत असं वाटलं तर आई आणि मूल यांना एकत्र बसवून काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. एकटी तू किंवा एकटा तो, असं नको. जे बिघडलंय ते दोघांच्या मधलं आहे.

*

प्रश्न : मुलगी नातवंडांसह घरी आलीय. लोक म्हणतात, मुलांना बाप हवा, तिने थोडं सोसायला हवं होतं. आमच्याच घरात हे कसं आलं?
— आजी

उत्तर : आजी, तुमच्याच घरात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७३ कोटी ६० लाख बायकांनी, म्हणजे जवळजवळ तिघींतल्या एकीने, आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. तुम्हाला सल्ला देणाऱ्या लोकांच्या घरातही कोणीतरी असेलच.

मुलांना बाप हवा हे खरं. पण आईला मारणारा बाप मुलांनी रोज पाहिला. मुलं झोपली होती असं मोठी माणसं समजतात. मुलं सांगतात, 'आम्ही पांघरुणात जागे होतो.' नातवंडं विचारतील तेव्हा बापाला शिव्या नकोत आणि खोटंही नको. 'बाबांनी आईला मारलं, ते चूक होतं. तुझी त्यात काही चूक नाही. आई आणि आम्ही तुम्हाला सांभाळतोय.' हे पहिल्यांदा तुमच्या मुलीने सांगू दे, मग तुम्ही.

*

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. एका मुलीची आई गेले काही महिने उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालते. एकदा मनगटावर बोटांचे ठसे दिसले. मी विचारावं का? कसं?
— बालवाडीच्या ताई

उत्तर : विचारा. पण ती एकटी असताना, आणि मुलगी ऐकत नसताना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत तर दोन वर्षांपेक्षा मोठं कुठलंही मूल ऐकू शकेल तिथे हे बोलू नये असंच म्हटलंय. लेकरं घरी जाऊन सगळं सांगतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. दारात, इतर पालकांच्या गर्दीत तर नकोच.

'तुमच्या मनगटावर खूण दिसली, मला काळजी वाटली. घरी कोणी त्रास देतं का?' इतकं साधं. ती बोलली तर ऐकून घ्या. 'मग तुम्ही राहिलातच का?' हे ओठांवर येईल, ते गिळा. त्याऐवजी 'हे तुमच्यामुळे घडत नाही' असं म्हणा. ही ओळ अनेक बायका आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात. तिला विचारल्याशिवाय नवऱ्याला बोलावून दोघांत समेट घडवायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याची किंमत त्या रात्री तिला मोजावी लागते. हेल्पलाइनचा नंबर द्यायचा असेल तर मुलीच्या दप्तरात कागद अजिबात घालू नका. तिला फोनमध्ये दुसऱ्या एखाद्या नावाने टाकायला सांगा, किंवा पाठ करवून घ्या. आणि मुलीला इजा होतेय असं कळलं तर ते तुम्ही मनात ठेवू शकत नाही, हे आईला बोलणं सुरू होण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं तर तिला तो विश्वासघात वाटेल.

बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारल्यावर उत्तर येतं, 'छे हो, दारात हात अडकला.' मग 'बरं' म्हणा. 'कधी काही बोलावंसं वाटलं तर मी इथेच असते' एवढं सांगा आणि विषय सोडा. दुसऱ्या दिवशी ती आली की तिच्या मुलीने काढलेलं चित्र तिच्या हातात द्या आणि सांगा की, हिने आज हत्तीला चक्क सहा पाय काढले, आणि विचारलं तर म्हणाली, आईनेच सांगितलंय, हवं तसं काढ.